सहाव्या नळीचा आवाज

अप्पांना घाई चालत नसे. ट्रक शेडमध्ये लागला की पहिल्या दिवशी ते त्याला पाना लावायचेच नाहीत. इंजिनाच्या कडेला बसून गंजलेल्या एकेका नटावर डिझेलचे थेंब सोडायचे आणि घरी निघून जायचे. ड्रायव्हर कितीही तणतणला तरी त्याला एकच उत्तर मिळायचं, की गंजाला पिऊ द्या, पोटभर पिला की तो आपून होऊन सोडतो. दुसऱ्या दिवशी नट खरंच अलगद फिरायचे. दुसरे मिस्त्री गॅसनं तापवून, छन्नी मारून निम्मे स्टड, म्हणजे आतले आट्याचे दांडे, मोडून ठेवायचे. अप्पा तेच नट सावकाश काढून उपरण्यावर ओळीनं मांडायचे.

बोरीच्या अलीकडं, परभणी-जिंतूर रस्त्याला लागून त्यांची शेड होती आणि तिला चिकटून माझं वेल्डिंगचं दुकान. चौदा वर्षं आम्ही शेजारी काम केलं. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. गळ्यातलं इष्टलिंग इंजिनात लोंबू नये म्हणून सदऱ्याच्या आत घातलेलं, कपाळावर भस्म, आणि दुपारपर्यंत त्या भस्मावरून ग्रीसचा एक पट्टा गेलेला असायचा. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत, आणि इंजिन सुरू करण्याआधी मनातल्या मनात काहीतरी म्हणायचे. काय ते मी कधी विचारलं नाही.

त्यांना वेड एकाच गोष्टीचं होतं. जुन्या सहा सिलेंडरच्या ट्रकला धूर बाहेर काढायला कंपनीचा बिडाचा एक ओतीव भाग असतो. त्याला मेनिफोल्ड म्हणतात. सहाही सिलेंडरचा धूर त्यात जमतो आणि तिथून सायलेन्सरकडं जातो. अप्पांना तो भाग डोळ्यांसमोर नको असायचा. ते म्हणायचे, सहा मानसं एकाच दारातून एकदम निघायलीत, मग चेंगराचेंगरी व्हनार न्हाई तर काय? म्हणून ते तो काढून टाकायचे आणि त्या जागी स्वतः वाकवलेल्या सहा नळ्या बसवायचे. ज्याची त्याला वेगळी वाट. शहरातली पोरं याला हेडर म्हणतात. आमच्याकडं त्याला अप्पाच्या नळ्याच म्हणत.

या नळ्यांची लांबी अगदी सारखी लागायची. जो सिलेंडर जवळ, त्याच्या नळीला मुद्दाम वळसा घालायचा, म्हणजे लांबच्याइतकीच वाट त्यालाही चालावी लागेल. टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. सुतळी घेऊन ती नळीच्या वळणावळणानं फिरवायचे आणि गाठ मारायचे. सहा सुतळ्या शेजारी शेजारी खिळ्याला टांगल्या की गाठी एका रेषेत आल्या पाहिजेत. एखादी ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी खाली आली तर आख्खी नळी बाजूला टाकायचे आणि नवी करायला घ्यायचे. वाटणीत एका भावाला कमी गेलं की तो आयुष्यभर कुरकुरतो, इंजिनाचंबी तसंच, असं त्यांचं म्हणणं.

नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासून भरावी लागते. वाळूत ओल राहिली तर तापवल्यावर नळी फुटते, म्हणून दुधना नदीची वाळू चाळून ते आधी खरपूस भाजून घ्यायचे, आणि तीही काकूंच्या कढईत. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या कढई मागायला शेडमध्ये यायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि तशाच परत जायच्या. त्यांच्या घरचे भाजलेले शेंगदाणे आम्ही नेहमी जपून चावायचो.

नळ्या वाकवायचं आणि जुळवायचं काम त्यांचं, सांधे जोडायचं माझं. माझ्या सांध्यावर ते नख फिरवून बघायचे. नख अडलं की काही बोलायचे नाहीत, फक्त ग्राइंडर माझ्याकडं सरकवायचे. बोलणं तसं कमीच. एकदा जिंतूरकडचा एक तरणा ड्रायव्हर आला. त्याला गाडीचा आवाज दणदणीत करून पाहिजे होता, गावात शिरली की पोरींनी वळून बघावं असा. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, की आवाज काढायला देवानं तुला तोंड दिलंय, गाडीला कशाला तरास.

काम पुरं झालं की पहिल्यांदा इंजिन सुरू करायचं, ती वेळ मोठी असायची. त्या वेळी शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, मोबाईल बंद. अप्पा एक हात बोनेटवर ठेवून उभे राहायचे. नळीच्या बुडाशी, इंजिनाला ती चिकटते तिथं, केसाएवढी फट राहिली तरी तिथून धूर निसटतो आणि बारीक टिकटिक होते, घड्याळासारखी. सहा सिलेंडरच्या गडगडाटात ती टिकटिक दुसऱ्या कुणाला कळायची नाही. अप्पा बोट दाखवायचे, तिसरी, नाहीतर पाचवी. आणि तीच निघायची. टिकटिक असली की गाडी शेडबाहेर जायची नाही, मग मालक कुणीही असो.

वालूरचा एक ड्रायव्हर होता. गाडी त्याची स्वतःची होती, चाळिशीचा, फार कमी बोलणारा. पहिल्यांदा आला तेव्हा गाडी भरल्यावर जिंतूरच्या पुढच्या चढावर तिला दम लागत होता. अप्पांनी नळ्या बसवल्या आणि त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसून थेट त्या चढावर गेले. मीही मागं मोटारसायकलवर गेलो. निम्म्या चढावर अप्पा उतरले आणि त्याला म्हणाले, खाली जाऊन पुन्हा वर या. तो आला. अप्पा पुन्हा तेच म्हणाले. भरलेली गाडी, वर ऊन, तरी तो माणूस तीनदा खाली गेला आणि तीनदा वर आला. अप्पा रस्त्याच्या कडेला दगडावर डोळे मिटून बसले होते. तिसऱ्यांदा गाडी समोरून गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला म्हणाले, आता तिचा दम मोकळा झाला. तेव्हापासून वालूरचा हा माणूस अप्पांशिवाय कुणाच्या हातात गाडी देईना. सणाला डाळ, ज्वारी घेऊन यायचा, अप्पांच्या पाया पडायचा.

पुढं चारेक वर्षांनी एका सकाळी आम्ही दोघं शेडबाहेर चहा घेत होतो. अप्पा सहज म्हणाले, की औंदा टिटव्या कुठं गेल्या कोन जाने, एक वरडत न्हाई. त्या वेळी आमच्या डोक्यावरच दोन टिटव्या घिरट्या घालत ओरडत होत्या. शेजारच्या पडीक रानात त्यांची अंडी असावीत. मी वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. हो म्हणालो, दिसत न्हाईत खऱ्या.

नंतर लक्षात येत गेलं. जाड आवाज त्यांना नीट यायचे. माणसाचं बोलणं यायचं, समोर उभं राहून बोललं तर. पण बारीक, टोकदार आवाज निघून गेले होते. पत्र्यावर पडलेले पावसाचे पहिले चार थेंब, मोबाईलची रिंग, नातीचं हसणं. तीस-चाळीस वर्षं उघड्या इंजिनाशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. मी काकूंना एकदा हळूच विचारलं. त्यांना आधीच माहीत होतं. त्या म्हणाल्या, "त्यांना कुनी सांगू नगा. काम सुटलं की मानूस सुटंल." मी मान हलवली. त्या दिवसापासून आम्ही दोघं ते झाकून ठेवायला लागलो.

आश्चर्य म्हणजे काम बिघडत नव्हतं. गाडी सुरू व्हायची, अप्पा बोनेटवर हात ठेवायचे, आणि फट असली तर बोट बरोबर तिथंच जायचं. मला वाटायचं, हाताला कंप कळत असेल. एवढा हुनर असलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही, असं म्हणून मी विचार सोडून द्यायचो.

अशी तीन-चार वर्षं गेली. कापसाचे दिवस होते. वालूरच्या ड्रायव्हरची गाडी पुन्हा आली. जुन्या नळ्या इंजिनाला ज्या पट्टीवर बसतात ती तडकली होती, नवा संच करायचा होता. गावात कापूस भरायला माणसं थांबलेली, जिनिंगला आधीच रांग लागलेली, पण त्यानं नेहमीप्रमाणे एका शब्दानं घाई केली नाही. नट डिझेल पीत राहिले, वाळू भाजली, सुतळ्या टांगल्या. चौथ्या दिवशी दुपारी सगळं बसलं. तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग अप्पांनी स्वतः कापलं होतं. नट मधून बाहेर, मधून बाहेर असे आवळत नेले. मग इंजिन सुरू केलं.

मला टिकटिक आली. सहावी नळी, सगळ्यात मागची, केबिनच्या पत्र्याला लागून असलेली. बारीक होती, पण होती. मी अप्पांकडं बघितलं. त्यांचा हात बोनेटवर होता आणि ते माझ्याकडं बघत होते. शेडमध्ये तो ड्रायव्हर होता, त्याचा क्लीनर होता, चहावाला येऊन थांबला होता. या सगळ्यांसमोर मी सहावी म्हणायचं, म्हणजे अप्पांना ती ऐकू आली नाही हे सगळ्यांना सांगायचं. मला काकूंचं बोलणं आठवलं. शिवाय कधी कधी लोखंड तापून फुगलं की फट आपोआप मिटते. मी स्वतःला तेच सांगितलं, आणि वाकून माझी वायर गुंडाळायला लागलो.

अप्पांनी इंजिन बंद करायची खूण केली. चार दिवसांनी नट पुन्हा आवळायला या, असं सांगून गाडी सोडली.

तिसऱ्या दिवशी ती पेटली. भर दुपारी, सेलूच्या रस्त्यावर, वर शिगोशीग कापूस. केबिनच्या मागच्या बाजूनं धूर निघाला आणि बघता बघता वारा लागला. क्लीनर उडी मारून बाजूला झाला. ड्रायव्हरही उतरला होता, पण ताडपत्रीची दोरी सोडली तर निम्मा माल वाचेल म्हणून तो परत जवळ गेला. नायलॉनची दोरी वितळून त्याच्या हातांना चिकटली.

दुसऱ्या दिवशी मी आणि अप्पा तिथं गेलो. गाडीचा सांगाडा रस्त्याच्या कडेला ओढून ठेवला होता. अप्पा त्या राखेत गुडघे टेकून इंजिनाजवळ वाकले. नळ्या तशाच होत्या, माझे सांधे तसेच होते. सहाव्या नळीच्या बुडाशी लोखंडावर काजळीचा एक पंखा उमटला होता, निमुळता सुरू होऊन पसरत गेलेला. आगीची काजळी सगळीकडं सारखी असते. ही वेगळी होती. तिच्या तोंडासमोरच केबिनकडं जाणारी वायर होती, म्हणजे उरलेलं तांबं होतं. अप्पांनी त्या पंख्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं.

आग नेमकी कशानं लागली हे कुणी शोधायला गेलं नाही. कापूस हाय, बिडीनंबी पेटतो, असं वालूरचा तो माणूस स्वतःच सगळ्यांना सांगत होता. अप्पांचं नाव त्यानं कुठंही घेतलं नाही.

तो दवाखान्यातून घरी आला त्या आठवड्यात अप्पा मला म्हणाले, वालूरला घिऊन चल. तिथं ओसरीवर पाचसात माणसं बसली होती. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या, बायको त्याला घास भरवत होती. अप्पा उभेच राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली. तुमची गाडी माझ्या हातानं जळाली." त्या माणसानं पट्ट्या बांधलेले हात जोडायचा प्रयत्न केला आणि अप्पांना बसायला सांगितलं. मी दाराशी चपला घालून उभा होतो.

अप्पांनी शेड बंद केली. पण सोमवारचा उपास असायचा, त्या दिवशी ते एसटीनं वालूरला जायला लागले. पिशवीत नट-बोल्ट घेऊन जायचे, मोठ्यापासून बारक्यापर्यंत. त्या माणसाची बोटं आखडली होती, उजव्या हाताची दोन तर वळायचीच नाहीत. अप्पा त्यांना खोबऱ्याचं तेल चोळायचे आणि मग बोल्टवर नट फिरवायला लावायचे. आधी ट्रकच्या चाकाचा, मग त्याहून लहान. त्या बोटांना घाई करायची नाही, म्हणायचे. वर्षभरात तो माणूस भाकरी मोडायला लागला, सदऱ्याच्या गुंड्या लावायला लागला. पण स्टिअरिंग धरायचं बळ काही आलं नाही.

आणि मी रोज माझं दुकान उघडत होतो. शेजारची शेड बंद. वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली की त्या अंधारात मला ती टिकटिक यायची. शेवटी एका दुपारी अप्पा शेडमध्ये सहज येऊन बसले होते, तिथं गेलो. तोवर त्यांचं ऐकणं आणखी कमी झालं होतं. हळू सांगून कळणार नव्हतं. एवढे दिवस जे मनाशीही धड बोललो नव्हतो ते मला ओरडून सांगावं लागलं.

"अप्पा, त्या दिवशी मला टिकटिक आली होती. सहावीची. मी बोललो न्हाई."

रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बाया थांबून बघायला लागल्या. अप्पांनी मला हातानं खाली बसवलं.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "चार वर्सं मी तुझ्या तोंडाकडं बघूनच ऐकायलो होतो. टिकटिक आली की तुझी भुवई हालते, आन डोळा नेमका त्या नळीवर जातो. तुला सोताला कळत न्हाई ते. त्या दिवशी तुझा डोळा मागं गेला, आन मग तू वायर गुंडाळायला वाकलास. तवाच कळलं."

मी विचारलं, मग तुम्ही गाडी का सोडलीत.

ते म्हणाले, "गाडी थांबवली आसती तर कोनती नळी म्हनून इचारलं आसतं चौघांत. पाचवी का सहावी, माझं मला नक्की कळंना. तुला इचारावं लागलं आसतं. म्हंजी बहिरा झालो, हे सांगावं लागलं आसतं." आणि पुढं म्हणाले, "तुला माफ करनारा मी कोन? पर त्याला सांग. मी माझं सांगितलंय, तुझं तू सांग."

त्या सोमवारी मी त्यांना मोटारसायकलवर वालूरला नेलं. मी त्या माणसाला सगळं सांगितलं, काकूंचं, टिटव्यांचं, वायर गुंडाळल्याचं. तो खाली बघून ऐकत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आवाज मलाबी येत होता. तीन दिस येत होता. वाटलं, अप्पांनी सोडली म्हंजी काय नसंल."

अप्पांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, काय म्हनला? त्या माणसानं मान हलवून मला सांगू नको अशी खूण केली. मला क्षणभर वाटलं, राहू द्यावं. पण मग मी अप्पांच्या कानाशी वाकलो आणि त्याचे शब्द जसेच्या तसे ओरडून सांगितले.

अप्पा हातातला बोल्ट फिरवत राहिले. "म्हंजी तिघंबी आपन एकमेकाचा मान राखत बसलो," ते म्हणाले. "गाडीचा कुनी राखला न्हाई." मग त्यांनी त्या माणसाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तेल चोळायला सुरुवात केली. त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

यानंतर अप्पा पाच महिने होते. थंडीत एका पहाटे पूजेला बसले ते उठलेच नाहीत. लिंगायतांत बसवूनच समाधी देतात. त्यांना तसं खाली ठेवताना वालूरचा माणूस पुढं झाला, आणि बेलाची पानं त्यानं स्वतःच्या हातानं वाहिली, एकेक करून. वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. काकू अजून आहेत. माझ्या दुकानाकडं त्या येत नाहीत, मीच जाऊन येतो.

मला मात्र अप्पा आठवतात ते त्या सोमवारी वालूरहून परत येतानाचे. बोरीजवळ आल्यावर त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, की तुझ्या गाडीचा आवाज कसा हाय? याआधी त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी मान मागं वळवून ओरडून सांगितलं, की सायलेन्सर इंजिनाला मिळतो तिथं फुसफुस आहे. रेस दिल्यावर वाढती का सोडल्यावर, त्यांनी विचारलं. दिल्यावर, मी म्हणालो. उद्या सकाळी घिऊन ये, म्हणाले.

सकाळी शेड उघडी होती. वर्षभरानं त्यांनी पाना हातात घेतला होता. मी गाडी सुरू करून ठेवली आणि ते नळीपाशी बसले. पाव आटा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"हाय?"

"हाय," मी म्हणालो.

आणखी थोडा फिरवला.

"आता?"

"बारीक हाय अजून."

त्यांनी पाना पुन्हा लावला, अगदी जरासा दाबला आणि थांबले. मी वाकून कान दिला, नीट ऐकलं.

"गेला, अप्पा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंही नाही. पाना खाली ठेवला आणि हात पुसले.